रुपयाचा भाव कोणाच्या खिशातून? : अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आंबेडकर

#थ्रेड #इतिहास

१/
मंठ्याहून उत्तरेला लोणारची वाट धरली की आज फक्त जिल्हा बदलतो : जालना संपतो, बुलढाणा सुरू होतो. सप्टेंबर १९४८ पूर्वी याच वाटेवर राज्य बदलत असे. मंठा निजामाच्या मुलखात होते, लोणार इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाडात. राज्य बदलले की रुपयाही बदलत असे.

२/
आपल्याकडे निजामाचा ‘हाली सिक्का’ चालत असे, पलीकडे इंग्रजांचा ‘कलदार’. दोन्हींचे नाव रुपयाच, किंमत मात्र वेगळी. पुढे स्थिरावलेला सरकारी दर असा होता : १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबात, सहा कलदारांना सात हाली.

३/
म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीला ‘विनिमय दर’ हा शब्द ठाऊक नसेलही, पण त्याचा अनुभव प्रत्येक बाजाराला येत होता. कापसाचा भाव मुंबईत कलदारात ठरणार, सारा हालीत भरायचा, आणि मधल्या हिशेबाचे गणित सावकाराला किंवा आडत्यालाच नीट येणार. नाण्याचा भाव कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या व्यवहारात दडलेला होता.

४/
हाच प्रश्न अखिल भारताच्या पातळीवर, पूर्ण शास्त्रीय शिस्तीने, १९२३ साली एका मराठी अभ्यासकाने मांडला. प्रबंधाचे नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. लेखक भीमराव रामजी आंबेडकर. संविधानकार, समाजक्रांतिकारक, कायदेपंडित ही त्यांची रूपे आपल्या परिचयाची आहेत. व्यापार, चलन आणि शेतीच्या अर्थकारणाचा व्यासंगी अभ्यासक हे रूप बहुधा एका वाक्यात उरकले जाते. हा धागा त्या वाक्याचा विस्तार आहे.

५/
प्रारंभ १९१३. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सार्वजनिक वित्त आणि करशास्त्राचे नामांकित अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू.

६/
या काळातील त्यांच्या लेखनाचा विषय पाहा. ‘प्राचीन भारतीय व्यापार’ या हस्तलिखितात पश्चिम आशियाशी असलेले भारताचे व्यापारी संबंध, मध्ययुगातील व्यापारमार्ग आणि युरोपीय सत्तांचा विस्तार यांची मांडणी आहे. मे १९१५ मधील दुसरा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर आहे. व्यापार करायला आलेली कंपनी राज्यकर्ती झाल्यावर पैसा कुठून कुठे वाहू लागला, हे समजून घेण्याचा तो प्रयत्न होता.

७/
त्यानंतर त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाकडे आणि प्रांतिक वित्ताकडे मोर्चा वळवला. त्यातूनच पुढे १९२५ मध्ये ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना. या ग्रंथाच्या आधारे कोलंबियाने १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. बहाल केली.

८/
१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यापीठाने मात्र पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुभा दिली होती. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली. तेथे राहायला जागा मिळेना आणि कार्यालयातही अस्पृश्यतेने पाठ सोडली नाही. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या माणसाला काही दिवसांतच ते शहर सोडावे लागले.

९/
नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा तात्पुरती होती. मार्च १९२० पर्यंत त्यांनी तेथे शिकवले. अर्थशास्त्राचा पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून त्यांची सेवा एवढीच, दीड वर्षाच्या आसपास. पगारातून पैसे साठवायचे आणि लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायचा, हा त्यामागचा हेतू होता.

१०/
पण या काळातच एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. १९१८, ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’. विषय : भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यावरील उपाय. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाने वाचावा असा तो निबंध आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

११/
त्या वेळच्या सरकारी अधिकाऱ्यांचे आणि अनेक तज्ज्ञांचे मत असे होते : शेताचे तुकडे फार झाले आहेत, ते एकत्र करा, वाटण्यांवर कायद्याने बंदी घाला, म्हणजे शेती सुधारेल. आंबेडकरांनी मूळ गृहीतकालाच हात घातला. शेत ‘लहान’ की ‘मोठे’ हे एकरांवरून ठरतच नाही, असे त्यांनी दाखवले.

१२/
त्यांचा युक्तिवाद असा. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण जुळले तर शेत किफायतशीर. पाच एकराला पुरेसे पाणी, बी, अवजारे आणि बैल असतील तर ते शेत लहान नव्हे. आणि बैलजोडीच नसेल तर पंचवीस एकरही पेलवत नाहीत. भांडवल तुटपुंजे असताना नुसती जमीन वाढवली तर अडचण वाढते, कमी होत नाही.

१३/
मग मूळ दुखणे कोणते? जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, हे. दुसरे काम नसल्याने सगळे घर त्याच तुकड्यावर राबते. काम सर्वांना आहे असे दिसते, पण काही हात कमी झाले तरी उत्पन्न घटणार नाही. हे बिनकामाचे श्रम खातात मात्र पूर्ण. त्यामुळे शिल्लक पडत नाही, आणि शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता औद्योगिकीकरण : माणसांना शेताबाहेर काम द्या, शेती आपोआप सावरेल.

१४/
वरकड श्रमशक्तीची ही कल्पना विकासाच्या अर्थशास्त्रात पुढे मध्यवर्ती ठरली. आर्थर ल्युइस यांचा त्यावरील प्रसिद्ध निबंध १९५४ चा आहे. त्यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युइस यांचा सिद्धांत अधिक व्यापक आणि स्वतंत्र आहे, हे खरेच. पण भारतीय शेतीतील छुपी बेकारी इतक्या नेमकेपणाने १९१८ मध्ये मुंबईत मांडली गेली होती, ही नोंद विकासाच्या अर्थशास्त्राच्या इतिहासात ठळकपणे असायला हवी.

१५/
१९२० मध्ये स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. आणि मग डी.एस्सी.साठी निवडलेला विषय होता रुपया. मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन.

१६/
विषय समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी. भारताचा रुपया चांदीचा, इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० च्या दशकात जर्मनीसह अनेक युरोपीय देश चांदी सोडून सोन्याकडे वळले आणि चांदीचा भाव कोसळू लागला. त्याबरोबर रुपयाही. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९० च्या दशकात १ शिलिंग २ पेन्सच्याही खाली घसरला.

१७/
भारत सरकारला इंग्लंडमधील निवृत्तिवेतने, व्याज आणि इतर खर्च, म्हणजे ‘होम चार्जेस’, पौंडात पाठवावे लागत. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये आणि म्हणून जास्त कर. अखेर १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. पूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता किती रुपये पाडायचे हे सरकार ठरवू लागले. यथावकाश १ शिलिंग ४ पेन्स हा दर स्थिरावला.

१८/
या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात चांदीचा रुपया आणि कागद, परदेशी देण्यांपुरते सोन्याशी नाते. तरुण जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची प्रशंसा केली होती. आंबेडकरांनी तिच्यावरच टीका केली. त्या वेळी केन्स यांचे नाव मोठे होते आणि आंबेडकर विद्यार्थी होते, हे ध्यानात घ्यावे.

१९/
त्यांचा मुख्य आक्षेप असा : ही व्यवस्था रुपयाचा परदेशातील भाव सांभाळू पाहते, देशातील क्रयशक्ती सांभाळत नाही. सामान्य माणसाला लंडनमधील दराशी काय कर्तव्य? त्याला रुपयाला किती ज्वारी येते ते महत्त्वाचे. रुपये किती पाडावेत यावर कायद्याची मर्यादा नसेल तर सरकार ते हवे तेवढे पाडेल, महागाई वाढेल, आणि शेवटी विनिमय दरही टिकणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर जे घडले, ते याला साक्ष होते.

२०/
त्यांचा उपाय : रुपये पाडणे पूर्ण बंद करा, लोकांसाठीही आणि सरकारसाठीही. सोन्याचे नाणे पाडा, त्याचा रुपयाशी कायद्याने दर ठरवा, दोन्ही नाणी चलनात राहू द्या. चलनाचा नळ राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडू नका, हे या उपायाचे सार होते. परकीय सरकारवर अविश्वास तर त्यात होताच. पण कोणत्याही सरकारला ही मोकळीक नको, असा तो तत्त्वाचा मुद्दा होता.

२१/
प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, परीक्षकांनी फेरमांडणी सुचवली, तो पुन्हा सादर झाला आणि १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. त्याच सुमारास ग्रंथही निघाला. प्रस्तावनेत कॅनन यांनी स्पष्ट सांगितले की लेखकाचे बरेच युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत. तरीही त्याच्या विचारातील ताजेपणाचे त्यांनी कौतुक केले. मार्गदर्शकाने मतभेद नोंदवून शिष्याचा ग्रंथ पुढे करावा आणि शिष्याने तो मतभेद जसाचा तसा छापावा, ही विद्वत्तेची रीत आजही शिकण्यासारखी आहे.

२२/
आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९२० च्या दशकात देशभर एक वाद पेटला : रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्सवर? दोन पेन्सचा फरक किरकोळ वाटतो. पण हिशेब करून पाहा. एका पौंडाला कापूस विकला, तर पहिल्या दराने १५ रुपये येतात. दुसऱ्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, ग्राहकही तोच.

२३/
हेच हालीत मोजले तर? ठरलेल्या दराने १५ कलदारांचे साडेसतरा हाली, आणि १३ रुपये ५ आणे ४ पैंचे सुमारे साडेपंधरा हाली. लंडनमध्ये ठरलेला आकडा मुंबईच्या बाजारातून, रेल्वेने, सीमा ओलांडून निजामाच्या मुलखातील कापूसवाल्यापर्यंत असा पोहोचू शकत होता.

२४/
मुंबईचे उद्योगपती, गिरणीमालक आणि राष्ट्रीय चळवळीतील बहुतेक नेते १ शिलिंग ४ पेन्सच्या बाजूने होते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे त्यांचे प्रमुख प्रवक्ते. त्यांचे म्हणणे : स्वस्त रुपयाने निर्यात वाढते, शेतकऱ्याला भाव मिळतो, देशी गिरण्यांना विलायती कापडाशी टक्कर देता येते. वरचा हिशेब पाहता ते खरेच वाटते.

२५/
आंबेडकरांनी येथे एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्यांच्या सर्व अर्थशास्त्राचा गाभा त्यात आहे. हा जास्तीचा नफा आला कुठून? परदेशी ग्राहकाने तर जास्त दिले नाही. त्यांचे उत्तर : रुपया स्वस्त झाला की देशात वस्तू महागतात, पण मजुरी तितक्या वेगाने वाढत नाही. म्हणजे नफा येतो मजुराच्या आणि पगारदाराच्या ताटातून. देशाला लाभ झाला असे ज्याला म्हणतात, तो एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेला पैसा असतो.

२६/
‘शेतकरी’ या एका शब्दात किती माणसे लपतात, हे यातून कळते. कापूस विकणारा जमीनधारक, वेचणीला जाणारी भूमिहीन बाई, बलुत्यावर जगणारे घर, ज्वारी विकत घेणारा सालदार. यातील पहिल्याला भाववाढ हवी असते; बाकीच्यांना ती सोसावी लागते. ज्या समाजातून आंबेडकर आले, तो मोठ्या संख्येने याच बाकीच्यांत होता. पण त्यांनी ही बाजू भावनेच्या आधारे मांडली नाही. किमती आणि मजुरी यांच्या वेगातील अंतर दाखवून मांडली.

२७/
डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. दराबाबत त्यांनी मधला मार्ग सुचवला : दोन्ही दरांच्या दरम्यान, परंतु १ शिलिंग ६ पेन्सच्या अधिक जवळ. कारण मजूर आणि व्यापारी, दोन्ही वर्गांचा विचार करायचा तर एकदम कोणत्याही टोकाला जाणे त्यांना योग्य वाटत नव्हते. आयोगाने ६ पेन्सचा दर सुचवला, ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि १९२७ मध्ये ६ पेन्सचा दर कायदा झाला.

२८/
येथे एक प्रचलित समज तपासू. ‘रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांच्या ग्रंथावरून झाली’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले दिसते. नोंदी काय सांगतात? मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाने केली, कायदा १९३४ चा, बँक १ एप्रिल १९३५ पासून सुरू. आंबेडकर या आयोगापुढील एक महत्त्वाचे साक्षीदार होते. परंतु सोन्याचे नाणे आणि मर्यादित रुपया ही त्यांची मूळ योजना आयोगाने स्वीकारली नाही.

२९/
हे सांगितल्याने त्यांची उंची तसूभरही कमी होत नाही. उलट, ज्याने केन्स यांच्याशी, स्वतःच्या मार्गदर्शकाशी आणि सरकारशीही वाद घातला, त्याला एखाद्या सरकारी संस्थेच्या जन्मदाखल्यापुरते बंदिस्त करणे हाच त्याच्यावर अन्याय आहे. ग्रंथाचे मोल त्याच्या प्रश्नात आहे.

३०/
आणि वाद तेथे मिटलाही नाही. १९२९ नंतर जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. सारा आणि कर्ज रुपयांत ठरलेले, उत्पन्न निम्म्यावर. तेव्हा महाग रुपयाने कर्जदार शेतकऱ्याचे हाल वाढवले, असे ४ पेन्सवाले म्हणू लागले आणि त्यात तथ्य होते. भाववाढीत मजूर भरडतो, भाव पडले की कर्जदार भरडतो. म्हणूनच चलनाच्या स्थैर्यावर आंबेडकरांचा भर होता : भाव फार वाढूही नयेत, फार पडूही नयेत.

३१/
मग एवढा अभ्यासक विद्यापीठात का राहिला नाही? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह. उपजीविकेसाठी वकिली. शिकवणे सुटले नाही, पण विषय बदलला : १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा, नंतर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य. रुपयावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९४७ मध्ये निघाली, पण तोवर त्यांच्यापुढे दुसरी कामे उभी होती.

३२/
आपल्या मराठवाड्याशी त्यांचे विद्येचे नाते मात्र पुढे जुळले. त्यांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. हाली सिक्का अजून लोकांच्या हातात होता. ज्या घरांत पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, तेथील मुले या महाविद्यालयात शिकू लागली.

३३/
मंठा पूर्वी परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात होते. १९८१ मध्ये परतूर नव्या जालना जिल्ह्यात आले. राज्ये, जिल्हे, नाणी बदलली. पण आजही डॉलर वधारला की बातम्यांत ऐकू येते : ‘रुपया घसरला, निर्यातदारांना फायदा.’ त्याच वेळी डिझेल आणि खत महागते, कारण त्यांचा कच्चा माल बाहेरून येतो. कापूस विकणारा आणि खत घेणारा माणूस एकच असतो. आणि त्याच्या शेतात वेचणीला येणारी बाई तर फक्त विकत घेणारीच असते.

३४/
अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रश्न जसाच्या तसा वापरता येतो : हा फायदा नेमका कोणाचा, आणि तो कोणाच्या खिशातून आला? आकडे कोणताही पक्ष देवो, कोणतेही सरकार देवो, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते स्वीकारू नयेत.

३५/
जाता जाता एक विनंती. घरातील जुन्या पेटीत, देव्हाऱ्यात किंवा आजीच्या गाठोड्यात चारमिनार असलेले चांदीचे नाणे सापडले तर ते मोडीत देऊ नका. घरातील वृद्धांना विचारा : तेव्हा बाजारात कोणता रुपया चालायचा, कलदार किती हालीला मिळायचा, हिशेब कोण करून द्यायचे? जे सांगतील ते लिहून ठेवा आणि या धाग्याखाली जरूर कळवा. आपल्या तालुक्याचा आर्थिक इतिहास अजून लिहिला जायचा आहे, आणि त्याचे पहिले कागद आपल्याच घरांत आहेत.

धागा समाप्त.